इनासच्या रजेचं कारण

इनास,

गुरुवारी फिलूवहिनी ऑफिसात आल्या होत्या. तुला जाऊन महिना झाला म्हणून बुधवारी देवळात तुझी मिस्सा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्या. विधवेनं स्वतः येऊन सह्या करायचे कागद असतात, त्यासाठी मीच निरोप पाठवला होता. काळं लुगडं नेसलेली बाई ऑफिसात शिरली की माणसं टेबलावर उगाच काहीतरी शोधू लागतात, तसं सगळ्यांनी केलं. मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं, सह्या कुठे करायच्या ते दाखवलं आणि साहेबांनी बोलावलं म्हणून आत गेलो. पाच मिनिटं गेलो असेन. तुझी फाईल टेबलावर सुटी होती. एकोणीस वर्षं आस्थापना शाखेत माणसांच्या नेमणुका आणि रजा सांभाळणारा मी, कुणाची फाईल उघडी टाकून कधी उठत नाही. त्या दिवशी उठलो.

परत आलो तर वहिनींचं बोट एका ओळीवर होतं. त्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, इंग्रजी सावकाश पण नीट वाचतात. समोर तुझा मागच्या वर्षीचा रजेचा अर्ज होता. एक वर्षाची बिनपगारी रजा. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं : छातीचा विकार, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार पूर्ण विश्रांती.

"भाऊ, हा तवाच आजारी होता?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, माझं मलाच माहीत नाही. त्यांनी ती होकाराची धरली. बोट तसंच ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वरीसभर मी त्याला बायकांवानी घरात बसतोस बोलले. आजारी मानसाला." मग त्यांना रडू फुटलं. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. इनास, तेवढंच केलं मी. पाणी मागवलं.

काल सांताक्रूझच्या बाजारात तुझा बापूस भेटला. म्हाताऱ्याच्या हातात पिशवी होती आणि तो कांद्याच्या ढिगापाशी नुसता उभा होता. म्हणाला, सून जेवत नाही. रोज सकाळी देवळात जाते आणि पाद्रीला तेच तेच सांगते की मी आजारी नवऱ्याचा छळ केला, त्याला माहीत होतं आणि त्यानं मला सांगितलं नाही, म्हणजे मी किती वाईट असेन. म्हाताऱ्यानं मला विचारलं, तुला होतं का रे माहीत? मी म्हणालो, बस आली माझी. माझी बस आली नव्हती.

तू आजारी नव्हतास. अर्ज दिलास त्या दिवशी तुझ्यासारखा धडधाकट माणूस आख्ख्या ड्रॉइंग शाखेत नव्हता. तो आजार मी लिहिला. हे वहिनींना सांगायला आज दुपारी वाकोल्याला तुझ्या घरी जायचं ठरवलंय. आज रविवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, आणि तोवर बसून तुला लिहितोय. तिथे गेल्यावर माझी जीभ अडखळणार, म्हणून आधी एकदा सगळं सरळ सांगून बघतो. तुझ्याशी मी कायम सरळच बोललो अशी माझी समजूत होती. ती समजूतही आता राहिलेली नाही.

ज्या दिवशी तू मला हे पहिल्यांदा सांगितलंस तो दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण तू डबा न उघडता बसला होतास. तुझा डबा न उघडणं म्हणजे मोठीच गोष्ट. सुक्या बोंबलाच्या वासावरून आख्खी शाखा तुला शिव्या द्यायची आणि मग एकेक जण पोळी घेऊन यायचा. त्या दिवशी डबा बंद. तू म्हणालास, "सावंत, मना एक वरीस घरी राहायचं हाय." मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, काही नाही. मी विचारलं, भात लावायचाय? घर बांधायचंय? परीक्षा द्यायचीय? तू प्रत्येक वेळी मान हलवत राहिलास. सोळा वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या गटारांच्या आणि पुलांच्या रेघा मेणकापडावर उतरवल्या, आता चाळिशी उलटली, म्हातारा अजून चालताफिरता आहे, लुसी सात वर्षांची आहे, एवढंच तू म्हणालास. मग म्हणालास की सकाळी आठ वाजता तुझ्या घरात ऊन कुठपर्यंत येतं ते तुला ठाऊक नाही. रविवारी तू देवळात असतोस आणि बाकीचे सहा दिवस रस्त्यात.

मी हसलो होतो. खरं सांगायचं तर मला राग आला होता. मलाही ठाऊक नव्हतं माझ्या घरात ऊन कुठवर येतं. अंधेरीच्या आमच्या चाळीत ते येतच नसेल कदाचित. पण म्हणून कोणी वर्षाची रजा मागतं का? आपल्यासारख्या माणसांनी रजा घ्यायची ती लग्नाला, बाळंतपणाला, मयताला. मधेच भर रस्त्यात थांबून इकडेतिकडे बघायचं, ही चैन आपल्या बापजाद्यांनी केली नव्हती. हे सगळं मी तुला तेव्हा बोलून दाखवलं आणि तू ऐकून घेतलंस. दोन महिने मी नाही म्हणत राहिलो आणि तू मागत राहिलास. शेवटी म्हणालास, "ते सगळं बरोबर. अर्ज कसा करायचा ते सांग."

अर्जात कारणाचा रकाना असतो. तू तिथं लिहून आणलंस, घरी राहण्यासाठी. तुझ्या त्या सुंदर अक्षरात, नकाशाच्या कोपऱ्यात नाव घालतोस तसं. मी तो कागद तुझ्यासमोर फाडला. तुला समजावलं की कारण नसलेली रजा मंजूर होत नाही, आणि तीन महिन्यांच्या वर बिनपगारी रजा हवी असेल तर फक्त दुखण्यावर मिळते. त्यात पुन्हा कुठलंही दुखणं चालत नाही. ताप वर्षभर टिकत नाही, पोट वर्षभर टिकत नाही. वर्षाची रजा एकाच गोष्टीवर निघते, छाती. हे शहाणपण एकोणीस वर्षांत मी कमावलेलं. आमच्या टेबलावर बसणारा प्रत्येक जण असा कुणाला ना कुणाला आजारी करतो आणि पुण्य केल्यासारखा घरी जातो. मीही गेलो होतो.

तू म्हणालास, "मी आजारी नाय, सावंत." मी म्हणालो, कागदावर आहेस.

अंधेरी स्टेशनजवळचे डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांच्या भाच्याच्या नेमणुकीचे कागद मी वेळेत हलवले होते. त्यांनी तुला बघितलंसुद्धा नाही. वय काय, उंची काय, एवढं विचारलं आणि माझ्यासमोर लिहून दिलं. मी ते घेऊन आलो, नवा अर्ज माझ्या हातानं लिहिला, तू फक्त सही केलीस. आणि मी तुला बजावलं की घरी कुणाला हे सांगायचं नाही. वहिनींनासुद्धा नाही. वाकोल्याच्या विहिरीवर एकदा बोललं गेलेलं संध्याकाळपर्यंत सांताक्रूझला पोचतं, आणि कुणी ऑफिसात चिठ्ठी टाकली तर तुझ्याबरोबर माझीही नोकरी जाईल. तू शब्द दिलास. तुझा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. त्यामुळेच वहिनींना आज हे माहीत नाही.

पाद्रीला मात्र तू सांगितलंस. पुढच्या रविवारी मला म्हणालास की पापाची कबुली दिली, पाच प्रार्थना म्हणायला सांगितल्यात, त्यातल्या अडीच तुझ्या वाट्याच्या, म्हण आता. आपण तुझ्या ओट्यावर बसलो होतो. डोक्यावरून विमान गेलं, नेहमीसारखं दोघंही गप्प झालो, आणि ते गेल्यावर तू विचारलंस, म्हटल्यास का? किती हसलो होतो आपण.

त्या वर्षात मी दर रविवारी तुझ्याकडे येत होतो. मैत्रीसाठी येत होतोच, पण मी तपासणीला येत होतो हेही आता कबूल करतो. मला बघायचं होतं की तू वर्षाचं काय करतोस. तू विहिरीचा पडलेला कठडा बांधलास, तो मी बघितला. लाल माठ आणि वाल लावलेस. लुसीला शाळेत सोडायचास आणि आणायचास. बापसाबरोबर खाडीत खेकडे धरायला जायचास आणि हात कापून घेऊन यायचास. बाकी काही नाही. मी दर वेळी विचारायचो, मग काय केलंस या महिन्यात? आणि तू दर वेळी असं काहीतरी सांगायचास की मला हात चोळावेसे वाटत. म्हाताऱ्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही हे तुला आता कळलं होतं. लुसी झोपेत इंग्रजी बोलते. फिलू भाकरी थापताना गाणं म्हणते आणि तू आत आलास की थांबते.

वहिनी गाणं थांबवायच्या, कारण तेव्हा त्या तुझ्यावर धुमसत होत्या. गावात तुझी नोकरी गेली अशी बोलवा होती. इनासला काढलं, काहीतरी भानगड केली असणार, असं विहिरीवर बायका म्हणत होत्या. वहिनी मला बाजूला घेऊन विचारायच्या, भाऊ, खरं सांगा, काढला का त्याला? मी सांगायचो, नाही वहिनी, रजा आहे. कशाची रजा? मी म्हणायचो, असते अशी. मग त्या आत जाऊन भांडी आपटायच्या आणि तू माझ्याकडे बघून डोळा मारायचास. एकदा माझ्यादेखत त्या तुला म्हणाल्या की गडीमाणूस दिवसभर चुलीपाशी दिसतो, मला तोंड दाखवायला जागा नाही. तू उठून त्यांच्या हातातली बादली घेतलीस आणि पाण्याला गेलास. त्यांना उलट उत्तर दिलेलं मी तुला कधी ऐकलं नाही. एक वाक्य बोलला असतास तर त्या गप्प झाल्या असत्या. न सांगण्याचा तो शब्द मी तुझ्या गळ्यात अडकवला होता.

आपलं भांडणही अर्धंच राहून गेलं. पावसाळा संपत आला होता. मी म्हणालो की वर्षात दाखवण्यासारखं काहीतरी पाहिजे, नाहीतर हे फुकट गेलं. तू विचारलंस, "कोणाला दाखवायचं?" मी म्हणालो, मला. तू म्हणालास, तू पण घे ना एक वर्ष. मी भडकलो. माझ्यामागे पाच माणसं आहेत, असं काहीबाही बोललो. आणि तू म्हणालास की मी असा भडकतो तेव्हा मला बघवत नाही, उरलेलं पुढच्या रविवारी बोलू. पुढच्या रविवारी तुला खोकला होता.

इथवर लिहिताना हात चालत होता. आता थांबतोय.

खोकला आला, राहिला, आणि मी त्याची थट्टा केली. सरकारी कागद खरा करायला निघालास का रे, असं म्हणालो. तू हसलास आणि हसता हसता खोकलास. महिना गेला, दोन गेले. तू वाळलास, तर मी म्हणालो उन्हात राबतोस म्हणून. संध्याकाळी अंग गरम असतं म्हणालास, तर मी म्हणालो खाडीचं पाणी. इनास, कुठल्याही दुसऱ्या माणसानं मला ही लक्षणं सांगितली असती तर मी त्याला त्याच दिवशी छातीचा फोटो काढायला पाठवलं असतं. तुझ्या बाबतीत मला ते दिसलंच नाही. छातीचा विकार हा आपला दोघांचा विनोद होता. तो मी लिहिलेला होता. मी लिहिलेलं खरं कसं असेल?

आणि आता जे सांगायला मी सकाळपासून कागद पुढे ओढतोय ते.

रजा संपायला पंधरा दिवस उरले. नियम असा की दुखण्याच्या रजेवरून परत येताना प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. तो नसेल तर हजर करून घेत नाहीत, आणि ठरल्या तारखेला हजर झालं नाही तर जागा जाते. तुझ्या जागेवर बसवलेला हंगामी माणूस रोज माझ्याकडे येऊन विचारायचा, परेरा येणार का? मी त्याला म्हणायचो, येणार म्हणजे येणारच. मी तुला दाखल्याचं सांगायला आलो, तेव्हा तू वालाच्या मांडवाखाली बसला होतास. तू म्हणालास, "सावंत, डॉक्टरनं या वेळी मना खरंच तपासलं तर? खोकला जात नाय."

मी काय म्हणालो ते तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, तपासलं आणि काही निघालं तर फिट कोण लिहून देईल? आधी हजर हो. जागा पक्की कर. मग काय ते तपास.

तू म्हणालास, बरं.

एवढंच म्हणालास तू. बरं. वाद घातला नाहीस. रजेसाठी माझ्याशी दोन महिने भांडलास आणि जिवासाठी एक शब्द नाही. कधीकधी मला तुझाच राग येतो. का ऐकलंस माझं? मी कोण होतो? रजेचे कागद हलवणारा एक कारकून. सांताक्रूझला चार डॉक्टर बसतात, कुठल्याही एकाकडे जायचं होतंस. पण तुला वाटलं, सावंतला नियम ठाऊक आहेत, तो सांगतोय म्हणजे तसंच असणार. दोन दिवसांनी मी त्याच डॉक्टरांकडून दाखला आणला. आजारी करताना माणूस न्यावा लागला नव्हता, बरा करतानाही लागला नाही.

माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती, तीही लिहितो. मला तू परत हवा होतास. ते वर्ष ऑफिसात मला फार जड गेलं. डबा खायला समोर कोणी नाही, साहेबांना मागून तोंडं वेडावून दाखवायला कोणी नाही. तुझ्या जागेची काळजी होती हे खरं, पण तुला माझ्यासाठी फक्त रविवारचा करून टाकणाऱ्या त्या घराचा, त्या उन्हाचा मला मत्सर वाटत होता हेही खरं आहे. ती तारीख मी तुझ्यासाठी पाळली की माझ्यासाठी, याचं उत्तर मी महिनाभर शोधतोय. मिळत नाही.

सोमवारी तू हजर झालास. शर्ट अंगावर लोंबत होता. साहेब म्हणाले, विश्रांती मानवलेली दिसते. सगळ्यांना ठाऊक होतं की परेराची छाती बिघडली होती आणि आता दुरुस्त झाली, दाखला आहे. त्यामुळे तू खोकलास की लोक म्हणायचे, जुना खोकला, जाईल हळूहळू. मी माझ्या टेबलावरून ऐकायचो. आधी जागा पक्की झाल्याचा हुकूम निघू दे, मग नेऊ याला, असं मनात म्हणायचो. हुकूम माझ्याच हातात होता. तो काढायला मी तीन आठवडे लावले.

मग त्या दुपारी तू हातात घडी केलेला रुमाल घेऊन माझ्या टेबलाशी आलास. रुमाल उघडून त्यातलं रक्त दाखवलंस. इस्पितळाकडे जाताना टॅक्सीत तू मला विचारलंस, अर्ध्या दिवसाची रजा मांडणार का रे? तेव्हाही तुला माझीच भाषा सुचली.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडापुढे धरला तेव्हा मला काही कळलं नाही, पण त्याचं तोंड बघून कळलं. दोन्ही बाजू गेल्या होत्या. त्यानं विचारलं, खोकला कधीपासून? तू म्हणालास, चार महिने. मग त्यानं विचारलं की चार महिने कुणाला दाखवलं का नाही. मी तुझ्या पायाशी उभा होतो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ त्याच्याकडे बघून म्हणालास, "वेळ नाय मिळाला."

वर्षभर घरी असलेला माणूस म्हणाला, वेळ मिळाला नाही. डॉक्टर चिडला, तुला बोल बोल बोलला, आणि तू ऐकून घेतलंस, वहिनींचं ऐकून घ्यायचास तसं. त्यानंतर तू एकोणीस दिवस होतास. सुया दिल्या, औषधं दिली, उशीर झाला होता. मी रोज येत होतो. एकोणीस दिवसांत तू त्या मांडवाखालच्या बोलण्याचा उल्लेख एकदाही केला नाहीस आणि मीही केला नाही. शेवटच्या आठवड्यात मला वाटायचं, हा आता म्हणेल, तू सांगितलंस म्हणून. तू विचारलंस ते लुसीच्या छातीचं. तिचा आणि वहिनींचा फोटो काढला, दोघींना काही नाही असं मी सांगितलं, तेव्हा तू माझा हात धरलास. माझे आभार मानलेस, इनास. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुपार झाली. आता निघतो.

*

जाऊन आलो.

वहिनी मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. म्हातारा झोपला होता, लुसी शेजारी खेळायला गेली होती. मला पाट दिला आणि पाखडत राहिल्या. मी सगळं सांगितलं. फाडलेला अर्ज, डॉक्टर, तुझ्याकडून घेतलेला शब्द. सांगताना दोन विमानं गेली, दोन्ही वेळा मी थांबलो आणि पुन्हा सुरू केलं. त्यांचं सूप कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"म्हंजे घरी राहिला तवा त्याला काय पन नव्हतं?"

मी म्हणालो, काही नव्हतं. ठणठणीत होता.

"आनि तरी राहिला?"

मी म्हणालो, त्याला घरी राहायचं होतं, वहिनी. तेवढंच कारण होतं. त्यानं ते लिहून आणलं होतं, मी फाडलं.

त्या उंबऱ्याला टेकून बसल्या. गुरुवारपासून त्यांना वाटत होतं की तू मरायला घरी आला होतास, मरण जवळ दिसलं म्हणून त्यांच्यात येऊन बसलास. आता त्या मला एकेक गोष्ट विचारत होत्या. विहिरीचा कठडा बांधला तेव्हा? बरा होता. लुसीच्या पहिल्या कम्युनियनच्या समारंभात नाचला तेव्हा? बरा होता. मी भाकरी करताना दाराआड उभा राहून गाणं ऐकायचा, ते मला माहीत होतं, तेव्हा? बरा होता, वहिनी, तेव्हाही. त्या रडल्या. पण हे रडणं ऑफिसातल्यासारखं नव्हतं. मला वाटलं, तुझं वर्ष मी त्यांना परत दिलं. एवढं तरी माझ्या हातून झालं असं मला वाटलं, आणि मी तिथेच उठलो असतो तर बरं झालं असतं.

पण मला उरलेलंही सांगायचं होतं. मांडवाखालचं. तू तपासायला मागत होतास आणि मी नको म्हणालो. मान खाली घालून सांगितलं. सांगून झाल्यावर त्या मला हाकलतील, त्याचीच मी वाट बघत होतो. ते मला हवंच होतं.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "मनापन विचारलेलं त्यानं. डॉक्टरकडं जाऊ का बोलला. मी बोलले, घरात बसून बसून खोकला लागलाय, कामावर जा, जाईल."

सुपात तांदूळ तसेच होते. त्यांनी ते हलवले नाहीत.

मी म्हणालो, वहिनी, तुम्हाला काय माहीत होतं? तुम्हाला कुठे काय माहीत होतं?

त्यांनी मान हलवली. आणि मी बसून राहिलो. तुम्हालाही माहीत नव्हतं, भाऊ, असं त्या म्हणतील म्हणून मी बसून राहिलो. म्हातारा जागा झाला, आतून त्यानं पाणी मागितलं, त्या उठून त्याला पाणी देऊन आल्या आणि पुन्हा माझ्यासमोर बसल्या. ऊन अंगणातून निघून गेलं तरी मी बसलो होतो, इनास. त्या म्हणाल्या नाहीत.